मधे घातलेला एक शब्द

ही गोष्ट मी चारचौघांत पुष्कळदा सांगितली आहे — पण एकदाही खरी नाही. माइक हातात घेऊन सांगितली, पार्टीत सांगितली, मुलाखतीला आलेल्या उमेदवारांना खुर्चीत रेलून सांगितली. लोकांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. ती खरी कशी घडली ते मात्र मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. मग आज तुम्हालाच का? मन मोकळं करायचंय म्हणून? छे! संताप येतो म्हणून. माझा मलाच इतका संताप येतो हल्ली, की गप्प बसवत नाही.

आणि एक आधीच सांगून ठेवतो — मधेच माझी समजूत घालायला येऊ नका. 'अहो, कामाच्या गडबडीत होतं असं.' हे वाक्य ऐकलं की मस्तकात तिडीक जाते माझ्या. गडबडीत काही झालेलं नाही. मी जे केलं ते शुद्धीवर असताना केलं.

मी मूळचा पुण्याचा. बंगळुरूत येऊन बरीच वर्षं झाली. महादेवपुऱ्यात ऑफिस, तिथेच जवळ फ्लॅट. हुद्द्यानं सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. म्हणजे कोड इतरांनी लिहायचा आणि त्यात काय चुकलं ते मी सांगायचं. आणि माझी एक निष्ठा होती — डोमेन-ड्रिव्हन डिझाइन. नाव भारदस्त, गोष्ट साधी. डोमेन म्हणजे धंदा. ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लिहिताय त्या धंद्यातली माणसं जे शब्द बोलतात ते शब्द, ज्या क्रमानं काम करतात तो क्रम, जे नियम पाळतात ते नियम, सगळे तसेच्या तसे कोडमध्ये उतरले पाहिजेत. औषधवाल्यासाठी लिहिताय? मग कोड वाचताना औषधवाल्याला स्वतःचं गोदाम डोळ्यांपुढे दिसलं पाहिजे. यात वाईट काय आहे? काही नाही. आजही म्हणतो, चांगली गोष्ट आहे. पण मी तिचं सोवळं केलं. माझ्या डोमेनच्या कोडला डेटाबेसचा विटाळ नको! डेटाबेसचं कुणी नाव काढलं तरी मी नाक मुरडायचो.

आता माहिती शेवटी डेटाबेसच्या तक्त्यांतच जाऊन बसते ना? ती काय माझ्या भाषणांत राहणार होती? कोडमधली वस्तू उचलून तक्त्यात नेऊन ठेवायची आणि मागितली की परत आणून द्यायची — यासाठी एक आयतं साधन असतं, त्याला ओआरएम म्हणतात. बिचारं निमूट काम करतं. फक्त त्याच्या काही सवयी असतात, आणि तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर ते आपल्या सवयीनं वागतं. त्या सवयी शिकून घेणं म्हणजे मला हमाली वाटायची. ती हमाली रोहिणीकडे होती.

रोहिणी निपाणीची. आमच्या टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. बाकी कन्नड, तमिळ, तेलुगू, काही उत्तरेकडचे. ऑफिसात सगळं इंग्रजीत नाहीतर हिंदीत. पण खाली टपरीवर चहाला गेलो की आमचं मराठी सुरू व्हायचं. वर 'सर' म्हणणारी ती खाली आल्यावर 'दादा' म्हणायची. टपरीवाल्या अण्णाशी फाडफाड कन्नड बोलून माझ्यासाठी स्वल्प साखरेचा चहा सांगायची. तिच्याकडच्या बायका बोलतात तशी बोलायची — 'मी येतो', 'मी बघतो' — आणि मी पुणेरी शहाणा, दर वेळी तिला टोकायचो. अगं, येते म्हण, येते! ती हसायची. "असू दे की ओ दादा. पोचलं न्हवं तुम्हाला?"

पोचायचं. तिचं सगळं पोचायचं मला. हे लक्षात ठेवा.

ती कंत्राटावर होती. हे काम नीट पार पडलं की तिला कायम करणार असं ठरलेलं. तिकडे घरी तिच्या लग्नाची घाई चालली होती आणि तिनं घरच्यांना बजावून ठेवलं होतं — मी आधी नोकरीत कायम होणार, मग काय ते बोला. हे तिनं मला चहा पितानाच सांगितलं होतं. म्हणजे तिचं या शहरातलं सगळं राहणं त्या एका कागदावर टांगलेलं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. नव्हतं ठाऊक म्हणायची सोय नाही.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे औषधांचा एक मोठा वितरक. गोदाम देवनहळ्ळीला, विमानतळाच्या अलीकडे. दुकानांनी परत पाठवलेल्या खोक्यांचं पुढे काय करायचं, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवायचं. खोक्याच्या चार अवस्था मी कोडमध्ये ओळीनं मांडल्या होत्या — आलं, तपासणीत, विक्रीयोग्य, बाद. गोदामाच्या क्वालिटी प्रमुख शैलजा मॅडम जशा बोलायच्या अगदी तशा. मला त्या चार शब्दांचा कोण अभिमान! जसं काही मीच औषधं शोधून काढली होती.

आणि रोहिणीनं टपरीवर मला सांगितलं. "दादा, एक ऐका की. हे तुमचे चार शब्द ओआरएम शब्द म्हणून ठेवत नाही. नंबर ठेवतंय. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक, तसं. उद्या तुम्ही मधी एक शब्द घातला, की पुढच्या सगळ्यांचा अर्थ बदलला बघा. मी तिथं वर एक खूण टाकतो, म्हणजे नावच साठवंल ते."

यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं असतं माणसानं? सांगा ना!

मी नाही म्हटलं. माझ्या डोमेनच्या कोडवर डेटाबेसची खूण? मुळीच नाही. ती म्हणाली, मग वेगळ्या फाइलमध्ये टाकतो, तुमच्या कोडला हातपण लावत नाही, थोडंसंच काम आहे. मी म्हटलं, राहू दे, रिलीज तोंडावर आलाय, असले बारीकसारीक चाळे नंतर. चाळे! हा माझा शब्द. ती म्हणाली, बरं, पण नवीन शब्द आला तर कायम शेवटी टाका हं, मधी घालू नका. मी मान हलवली. चहाचा कप ठेवला आणि आम्ही वर गेलो.

पुढे ती चुलतभावाच्या लग्नाला निपाणीला गेली. जायच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच — मी नाही तेवढ्यात ते मधी घालू नका, दादा. म्हणजे दोनदा सांगितलं.

ती तिकडे असतानाच शैलजा मॅडमनी एक नवी अवस्था सांगितली. फ्रीजमधली औषधं परत आली की तपासणीआधी थंडखोलीत ठेवतात, त्याची नोंद हवी. क्रम कसा? आलं, थंडखोलीत, तपासणीत, विक्रीयोग्य, बाद. सरळ आहे, नाही का? मी फाइल उघडली. आणि आता नीट ऐका, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — मला आठवलं. शब्द टाइप करायच्या आधीच आठवलं. रोहिणीनं काय सांगितलंय, कुठे सांगितलंय, सगळं आठवलं. नवा शब्द शेवटी टाकला असता तर काही बिघडलं नसतं. पण मग यादी कशी दिसली असती? 'बाद' आणि त्याच्या खाली 'थंडखोलीत'! बाद झालेलं खोकं पुन्हा थंड करणार की काय? मला ते बघवेना. दिसायला विद्रूप! शिवाय एका ज्युनिअरच्या सांगण्यावरून मी माझं डोमेन वाकडं करू? मी तो शब्द मधे घातला, आपल्या जागी, ऐटीत.

टेस्ट सगळ्या पास झाल्या. होणारच! टेस्टचा डेटाबेस दर वेळी कोरा करकरीत, त्यात जुनी खोकी येणार कुठून? खऱ्या तक्त्यात मात्र ती होती. शून्यापासून मोजलं तर 'बाद'चा नंबर तीन होता, आणि माझ्या नव्या यादीत त्या तीनवर आता 'विक्रीयोग्य' येऊन बसलं होतं. म्हणजे एक शब्द घालून मी गोदामातली सगळी बाद औषधं विक्रीला काढली. बाद माल नष्ट करायला नेईपर्यंत तिथे वेगळ्या खोलीत ठेवतात. पण स्क्रीन म्हणाली विक्रीयोग्य, की तिथलाही माल निघतो. का निघणार नाही? आम्हीच तर त्या माणसांना शिकवलं होतं, डोळे झाकून स्क्रीनवर विश्वास ठेवा.

राजाजीनगरच्या एका केमिस्टला इन्सुलिनचं खोकं पोचलं. फ्रीज बंद पडून खराब झालेलं जे खोकं त्यानं स्वतः परत पाठवलं होतं, तेच ते! त्याच्याच दुकानाचा शिक्का होता त्यावर. त्यानं शैलजा मॅडमना फोन लावला, त्यांनी तो आमच्याशी जोडून दिला. "एनु सार इदु!" हे काय आहे साहेब, म्हणून तो नुसता किंचाळत होता. कन्नड आणि हिंदी एकत्र करून आमचा उद्धार करत होता — मी फेकलेलं औषध मलाच विकता? माझ्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना काय देऊ मी, सरबत? त्याचं डोकं फिरलं होतं आणि फिरायलाच हवं होतं. गाड्या थांबवल्या, दुकानादुकानांतून खोकी परत आणली. कुणाला टोचलं गेलं नाही. हे नशीब, माझं त्यात काही नाही.

रोहिणी परत आल्यावर मीटिंग झाली. अशा मीटिंगची आमच्याकडे एक रीत आहे. सुरुवातीलाच सांगतात, इथे कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त कारण शोधायचं. वा! ऐकायला किती छान! आणि मग दोन तास सगळे मिळून एका माणसाच्या दिशेनं ढकलत राहतात, फक्त त्याचं नाव घेत नाहीत. शब्द मी घातला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ते मी नाकारलंच नाही. उलट छाती काढून म्हणालो — हो, मी घातला. धंद्याच्या माणसानं नवा शब्द सांगितला तर तो योग्य जागी घालता आला पाहिजे, त्यासाठीच तर डोमेन वेगळं ठेवायचं. साठवणूक त्यानं कोसळत असेल तर ती कच्ची आहे. आता ती साठवणूक कुणाकडे होती, ते सांगायची गरज होती का?

डायरेक्टरनं विचारलं, हा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता?

रोहिणी म्हणाली, आला होता. इंग्रजीत, शांतपणे म्हणाली — मी सरांना सांगितलं होतं, दोनदा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय म्हणालो? म्हणालो, मला आठवत नाही.

काय सोयीचं वाक्य आहे हो हे! खोटं म्हणून पकडताही येत नाही. कोण शिरणार माझ्या डोक्यात? तिनं मेल केली नव्हती, चॅटवर टाकलं नव्हतं. टपरीवर सांगितलं होतं, मराठीत. आजूबाजूला आमच्याच ऑफिसचे लोक उभे असायचे, पण त्यांच्या दृष्टीनं आम्ही गावाकडच्या गप्पा मारत होतो. तिला साक्षीदार म्हणून एकच माणूस होता, आणि तो मी.

ती माझ्याकडे वळली. इंग्रजी सुटलं तिचं. "दादा, असं काय करता? टपरीवर सांगितलं की तुम्हाला. मधी घालू नका म्हटलं होतं न्हवं मी? आठवा की."

भर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, दादा म्हणाली. डायरेक्टरला एक अक्षर कळलं नाही. हिंदीवाल्यांना अर्धमुर्धं कळलंही असेल, पण कोण मधे पडतो? डायरेक्टरनं मलाच विचारलं, काय म्हणतेय ती?

इथे थांबावंसं वाटतं. पण थांबलो तर आजवर सांगितलं त्यातलंच आणखी एक खोटं होईल. मी त्याला सांगितलं — ती म्हणतेय, तिला वाईट वाटतंय, तिच्याकडून सांगायचं राहून गेलं.

तिच्यासमोर, तिच्या तोंडावर! तिला इंग्रजी येत नव्हतं का? लख्ख येत होतं. ती म्हणालीसुद्धा, नाही, मी असं म्हटलेलं नाही. पण तिचा आवाज चढला होता, आणि आवाज चढला की आमच्या ऑफिसात माणूस हरतो. डायरेक्टरनं हात वर केला. आपण इथे व्यक्तिगत व्हायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही, असं ठरलंय ना? झालं. दोष द्यायचा नाही म्हणून तिला खरं बोलू दिलं नाही, आणि त्याच नियमाखाली तिच्यावर खापर फुटलं. त्या नियमाचा मला राग येतो. पण नियम खोटं बोलला नव्हता. मी बोललो होतो.

तिला कायम केलं नाही. कंत्राट संपलं ते पुढे वाढवलं नाही. मधल्या काळात ती चहाला आली नाही, मी बोलावलंही नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटत भेटत माझ्या टेबलापाशी आली, "येतो सर" म्हणाली आणि गेली. मी स्क्रीनकडे बघत बरं म्हटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान भित्रा म्हणून तरी खपलो असतो. पण नाही! मी त्या प्रकरणावर भाषण बसवलं. डोमेन शुद्ध ठेवा, ओआरएमवर आंधळा विश्वास टाकू नका, आमच्याकडे एका ज्युनिअरनं धोका ओळखला नाही आणि बघा काय झालं. केमिस्टच्या शिक्क्याचा किस्सा आला की हॉल खदखदून हसायचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या! नोकरी बदलली, पगार वाढला, लोक फोटो काढायला येऊ लागले. आणि मी — मला ते आवडत होतं. मनाला खात होतं असं मी इथे सांगणार नाही, कारण तेव्हा खात नव्हतं.

मग एकदा पुण्याहून फोन आला. एका कंपनीतल्या बाई. मराठीच होत्या, आवाज मोठा आपुलकीचा. रोहिणीची मुलाखत उत्तम झाली होती, जवळजवळ घ्यायचंच ठरलं होतं. आधीच्या टीमचे प्रमुख म्हणून माझा नंबर त्यांनी कुठूनतरी मिळवला होता. रोहिणीनं दिला नव्हता. कशी देईल? त्या म्हणाल्या, अगदी मोकळेपणानं सांगा, तुमच्या-माझ्यातच राहील.

या वेळी मीटिंग नव्हती, डायरेक्टर नव्हता. मी अडकेन असं कुणी काही विचारलं नव्हतं. रविवार होता, गॅलरीत उभा होतो, आतून बायको पानं घेतलीत म्हणून हाक मारत होती. नुसतं 'घ्या तिला, चांगली आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझ्या खोट्याला त्यानं धक्कासुद्धा लागला नसता. पण मला वाटलं, ही पुण्यात नावारूपाला आली, कुठे चार लोकांत बोलली, तर माझ्या भाषणाचं काय? एवढाच विचार होता. दुसरा कुठलाही नव्हता.

मी म्हणालो, "मुलगी हुशार आहे. मेहनती आहे. पण एक आहे — धोका दिसला तरी वेळेवर सांगत नाही."

बाई म्हणाल्या, बरं झालं विचारलं. मी म्हटलं, अहो, त्यात काय. ती नोकरी तिला मिळाली नाही, याची पुढे मीच एकाकडून मुद्दाम खात्री करून घेतली. त्या दिवशी मात्र फोन खिशात टाकला, हात धुतले आणि जेवायला बसलो.